उतार, दलदल आणि साडेपाच मीटरचा भाला

९ सप्टेंबर १५१३. इंग्लंडच्या अगदी उत्तरेला, स्कॉटलंडच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर ब्रँक्स्टन नावाची टेकडी आहे. दुपार टळली होती, पाऊस आणि वारा होता. टेकडीवरच्या स्कॉटिश सैनिकांनी पायातले जोडे काढून टाकले. गवत निसरडं झालं होतं आणि नुसत्या मोज्यांनी पकड बरी बसते, हे त्यांना ठाऊक होतं. मग साडेपाच मीटर लांबीचे भाले पेलत, तोंडातून चकार शब्द न काढता, रांगा धरून ते उतरू लागले. त्यांच्या या शिस्तीची नोंद खुद्द इंग्रजांनी करून ठेवली आहे. अंधार पडेपर्यंत त्यांचा राजा चौथा जेम्स मेला होता, आर्चबिशप असलेला त्याचा मुलगा मेला होता, सरदारांची अख्खी पिढी कापली गेली होती. कमी धरलं तरी पाच हजार, काहींच्या हिशोबाने दहा हजार माणसं त्या उताराच्या पायथ्याशी पडली. शेजारच्या फ्लॉडन टेकडीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लढाईत स्कॉटलंडचं पानिपतच झालं म्हणा ना.

कागदावर पाहिलं तर ही लढाई त्यांनी हरायला नको होती. माणसं बरोबरीची, उलट थोडी जास्तच. उंचावरची जागा त्यांची. मोठ्या तोफा त्यांच्याकडे. हातातलं हत्यार त्या काळी युरोपात सगळ्यात गाजलेलं. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री तर देशातही नव्हता. तो फ्रान्समध्ये लढत होता आणि उत्तरेची राखण सत्तरीच्या घरातल्या अर्ल ऑफ सरेवर सोपवलेली होती. तरी हरले. आणि हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. फॉलकर्क १२९८, डप्लिन मूर १३३२, हॅलिडन हिल १३३३, नेव्हिल्स क्रॉस १३४६, होमिल्डन हिल १४०२. फ्लॉडननंतरही पिंकी १५४७ आणि डनबार १६५०. १७४६ची कलोडनची लढाई मी या यादीत धरत नाही. तिथे दोन्ही बाजूंना स्कॉटिश माणसं होती.

स्कॉटिश शूर पण उतावळे, इंग्रज थंड डोक्याचे, असं एक कारण नेहमी सांगितलं जातं. मला ते कधी पटलं नाही. साडेतीनशे वर्षं एका देशाचा स्वभाव तोच राहतो आणि स्टर्लिंगला, बॅनकबर्नला मात्र तीच माणसं जिंकतात, हे कसं? दुसरं कारण म्हणजे इंग्रजांचा लाँगबो, माणसाच्या उंचीचा तो धनुष्य. यात तथ्य आहे, पण फ्लॉडनला धनुष्याने फारसं काही केलं नाही. मला वाटतं, गोम भाल्यांच्या गर्दीच्या यंत्रशास्त्रात आहे.

स्कॉटलंड गरीब देश. इंग्लंडची लोकसंख्या त्याच्या चारपाच पट. चिलखती स्वार आणि त्याखालचा धिप्पाड लढाऊ घोडा पोसायचा तर ओटची शेतंच्या शेतं लागतात, आणि स्कॉटलंडमध्ये डोंगर आणि माळच जास्त. मग स्वस्तातला उपाय म्हणजे साधी शेतकरी माणसं, प्रत्येकाच्या हातात लांब भाला, आणि सगळे खांद्याला खांदा लावून उभे. या गराड्याला शिल्ट्रन म्हणत. बाहेरून पाहिलं तर साळिंदरच. घोडा कितीही पेटला तरी अशा काट्यांच्या भिंतीवर तो स्वतःहून चढत नाही. मात्र ही भिंत भिंत असते ती फक्त सगळे जागेवर असेपर्यंत. एका माणसाच्या डावीउजवीकडे दोन हातांची फट पडली, की त्याचा भाला हा एकट्या माणसाच्या हातातला लांबलचक बांबू उरतो.

ही व्यवस्था दोन प्रकारे मोडते. थांबून राहिलात तर लांबून मारा होतो, आणि चालू लागलात तर जमीन रांगा विस्कटते.

फॉलकर्कला पहिला प्रकार झाला. स्कॉटिश सेनापती विल्यम वॉलेसने चार शिल्ट्रन उभे केले, भोवती मेखा ठोकल्या, दोर बांधले. इंग्रज घोडदळ येऊन आदळलं आणि परत गेलं. पण स्कॉटिशांचे थोडेसे घोडेस्वार मैदान सोडून गेले होते आणि त्यांचे तिरंदाज घोड्यांखाली तुडवले गेले होते. मग इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने आपले तिरंदाज पुढे आणले. बहुतेक वेल्सचे. मेखांच्या आत दाटीने उभ्या असलेल्या माणसांवर नेम धरायचीही गरज नव्हती. गराड्यात भगदाडं पडली आणि त्या भगदाडांतून घोडे आत घुसले.

हा धनुष्य होता कसा? १५४५ साली बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे जहाज १९८२मध्ये समुद्रातून वर काढलं, तेव्हा त्यातल्या वस्तूंत शंभराहून जास्त अखंड धनुष्य आणि हजारो बाण निघाले. यू नावाच्या झाडाच्या खोडात बाहेरचं पांढुरकं लाकूड ताण सोसतं आणि आतला तांबूस गाभा दाब सोसतो. दोन्ही थर एकाच दांड्यात येतील असं लाकूड तासलं, की निसर्गानेच चिकटवलेली दुहेरी स्प्रिंग हातात येते. ती पूर्ण ओढायला ४५ ते ८० किलो वजन उचलण्याइतका जोर लागत असावा. साठेक ग्रॅमचा बाण सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने सुटायचा. चांगल्या पोलादी चिलखतातून तो सहसा पार जात नसे, पण जाड गोधडीसारखा अंगरखा घातलेल्या शेतकऱ्याला तेवढा पुरे होता. ‘मेरी रोझ’वर सापडलेल्या बऱ्याच सांगाड्यांत खांद्याच्या हाडाचं टोक विशीनंतरही मूळ हाडाशी जुळलेलं नाही. पोरवयापासून असला धनुष्य ओढल्याची ती खूण असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

हत्यार विकत घेता येतं, असा खांदा घेता येत नाही. तिसऱ्या एडवर्डने १३६३मध्ये सुट्टीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव सक्तीचा केला. स्कॉटिश राजांनाही ते कळत होतं. १४२४मध्ये तिथल्या संसदेने फुटबॉलवर बंदी घातली आणि बारा वर्षांवरच्या मुलांना तिरंदाजी शिकायला लावली. १४५७च्या कायद्यात बंदी आणखी वाढवली, आता फुटबॉलबरोबर गोल्फही. गोल्फ या खेळाचा लेखी पुराव्यात सापडणारा पहिला उल्लेख तो हाच. पोरं धनुष्य सोडून चेंडूच्या मागे लागतात, ही सरकारी तक्रार.

स्कॉटिशांना बाण मारता येत नसे असंही नाही. फ्रान्सच्या राजाने पुढे आपल्या अंगरक्षणासाठी स्कॉटिश तिरंदाजच ठेवले. मग घरीच हे हत्यार का रुजलं नाही? डग्लस ॲलन आणि पीटर लीसन या अर्थशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की गावोगाव तरबेज तिरंदाज तयार करायचे तर राजाला आपल्या रयतेची आणि सरदारांची भीती वाटता कामा नये. स्कॉटलंडच्या राजांना तेवढी स्वस्थता क्वचितच मिळाली. पटण्यासारखं आहे, पण एवढंच कारण असेल असं मला वाटत नाही. पैशाचाही प्रश्न होताच. इंग्लंडमध्येसुद्धा यूचं चांगलं लाकूड पुरत नव्हतं. १४७२च्या कायद्याने बंदरात येणाऱ्या मालाच्या दर टनामागे धनुष्याचे चार दांडे आणण्याची सक्ती केली होती.

आता डप्लिन मूर. ही लढाई मला सगळ्यात भयानक वाटते, आणि तिचा धनुष्याशी संबंध आहे तो थोडा आडून. एडवर्ड बॅलिऑल हा स्कॉटलंडच्या गादीचा दावेदार इंग्रज सरदारांच्या मदतीने जेमतेम दीडेक हजार माणसं घेऊन उतरला होता. समोरचं सैन्य कित्येक पट मोठं. बॅलिऑलची चिलखती माणसं घोड्यांवरून उतरून एका अरुंद खोलगट जागेच्या तोंडाशी पायी उभी राहिली, आणि दोन्ही अंगांना तिरंदाज. स्कॉटिशांच्या दोन सेनापतींत भांडण पेटलेलं. पहिली तुकडी घाईने सुटली. बाजूंनी बाण येऊ लागल्यावर कडेची माणसं साहजिकच मधे सरकली. समोर भिंतीसारखी चिलखती रांग, दोन्हीकडून आत सरकणारे लोक, आणि तेवढ्यात मागून दुसऱ्या सेनापतीची तुकडी धावत येऊन त्यांच्या पाठीवर आदळली.

गर्दीचा अभ्यास करणारे आज सांगतात, की एका चौरस मीटरमध्ये सहासात माणसं झाली की गर्दी माणसांसारखी वागायची थांबते आणि द्रवासारखी वागू लागते. मागच्या धक्क्याची लाट पुढे जाते, अंगं एकमेकांत अडकतात, पाय जमिनीवरून सुटतात. बहुतेक लोक तुडवले जाऊन मरत नाहीत. छातीचा पिंजरा फुगायला जागा उरत नाही आणि उभ्या उभ्या श्वास कोंडतो. मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २०१७मध्ये जे झालं, ते ज्यांनी वाचलं किंवा पाहिलं आहे त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको. डप्लिनच्या वेळच्या इतिवृत्तकारांना यातलं शास्त्र माहीत नव्हतं, पण त्यांनी लिहिलं ते नेमकं हेच. हत्याराने मेले त्याहून जास्त लोक चेंगरून मेले, आणि प्रेतांचा ढीग भालाभर उंच होता. संख्या जास्त असणं हा या लढाईत स्कॉटिशांचा फायदा नव्हताच. मागे जितकी माणसं जास्त, तितका पुढच्यांच्या बरगड्यांवरचा दाब जास्त.

मग वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, की मुळात हे लोक असल्या जागी चाल करून जायचेच का? पुढच्याच वर्षी हॅलिडन हिलला याचं उत्तर मिळतं. तिसऱ्या एडवर्डने बेरिक शहराला वेढा घातला होता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे करार झाला, की २० जुलैपर्यंत मदत आली नाही तर शहर शरण येईल. लढाई झाली १९ जुलैला. स्कॉटिशांना तारखेने बांधलं होतं आणि इंग्रज शहराच्या वाटेवरच्या टेकडीवर निवांत उभे होते. खाली दलदल, मग चढ, आणि वरून बाण. साधा हिशोब करा. शेवटचे दोनशे मीटर चिखलातून आणि चढाने जायला, सेकंदाला एक मीटर म्हटलं तरी, तीन मिनिटांवर वेळ लागतो. तिरंदाज मिनिटाला सहाच बाण सोडतो असं धरा. प्रत्येकी वीस बाण झाले. एका जुडीत चोवीस असत. म्हणजे जुडी संपता संपता समोरचा माणूस जवळ पोहोचतो, दमलेला, तोंड चुकवत. बाणांच्या माऱ्यात स्कॉटिशांनी तोंडं फिरवली, असं एक इंग्रज इतिवृत्तकार लिहितो.

स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसला हे गणित बरोबर कळलं होतं. मैदानात समोरासमोर भिडू नका, डोंगर आणि जंगलं हेच तट समजा, मागे हटताना रान जाळा म्हणजे शत्रू उपाशी परत जाईल, असा त्याच्या नावाने सांगितला जाणारा उपदेश आहे. आपण याला गनिमी कावा म्हणतो. त्याने स्वतः मैदानातली एक मोठी लढाई घेतली, १३१४ची बॅनकबर्न, आणि ती घेताना नियम उलटे करून घेतले. इंग्रज सैन्य ओढ्यांच्या बेचक्यात, पाणथळ जागेत अडकलेलं. ब्रूसचे शिल्ट्रन उभे राहिले नाहीत. सराव केलेला असल्याने ते चालत पुढे गेले, थोडंच अंतर, कोरड्या जमिनीवर. आणि इंग्रज तिरंदाज बाजूला जमू लागताच सर रॉबर्ट कीथचे पाचेकशे हलके स्वार त्यांच्यावर पडले. चेंगराचेंगरी झाली, पण ती इंग्रजांची. १२९७ला स्टर्लिंगच्या अरुंद पुलावरही तेच झालं होतं. अर्धं इंग्रज सैन्य पूल ओलांडून आल्यावर वॉलेस आणि अँड्र्यू मरे तुटून पडले. जमिनीच्या कोंडीत जो सापडला तो मेला, मग तो कोणत्याही देशाचा असो.

आता परत ब्रँक्स्टनच्या टेकडीवर येऊ. जेम्सच्या हातात नवं हत्यार होतं. स्वित्झर्लंडच्या पायदळाने १४७६-७७मध्ये बर्गंडीच्या ड्यूकला लांब भाल्यांनी झोडपलं होतं आणि सगळा युरोप त्यांची नक्कल करत होता. इंग्रजीत या भाल्याला पाईक म्हणतात. मराठीत पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, म्हणून मी लांब भालाच म्हणतो. फ्रान्सने मित्रराजाला भाले पाठवले, शिकवायला चाळीसेक अधिकारीही पाठवले. शिकायला मिळाले काही आठवडे.

हे हत्यार किती अवघड आहे हे कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. आंबे उतरवायचा झेला लांब काठीला बांधून कधी आडवा धरला आहे? भाला तीन किलोचा धरू. मागचा हात बुडाशी, पुढचा त्यापासून मीटरभर अंतरावर, आणि भाल्याचा गुरुत्वमध्य बुडापासून साधारण सव्वादोन मीटरवर. तरफेच्या नियमाने पुढच्या हाताला जवळजवळ सात किलोचा भार पेलावा लागतो आणि मागच्या हाताने बूड चारेक किलोच्या जोराने खाली दाबून ठेवावं लागतं. हे झालं नुसतं धरणं. आता समोरच्याने टोकाला बाजूने किलोभर जोर लावला, की मागच्या हाताला साडेचार पट जोर लावून ते टोक सरळ ठेवावं लागतं. लांबी हे या हत्याराचं बळ आणि लांबी हीच त्याची खोड. स्विस लोक ती झाकायचे वेगाने आणि वजनाने. शेकडो टोकं एकदम आली की एकेक टोक बाजूला सारायला कोणाला वेळच मिळत नाही. वेग गेला की मिळतो.

जेम्स आधी शेजारच्या फ्लॉडन टेकडीवर पक्की मोर्चेबंदी करून बसला होता. सरे शहाणा. समोरून चढला नाही. वळसा घालून, टिल नदी ओलांडून तो उत्तरेकडे गेला आणि जेम्स व स्कॉटलंड यांच्या मधे उभा राहिला. जेम्सला घाईने तोफा ओढत ब्रँक्स्टनच्या कड्यावर यावं लागलं. त्याच्या तोफा किल्ले फोडायच्या, बैलांनी ओढायच्या. इंग्रजांच्या हलक्या होत्या, पण पटकन भरता आणि वळवता येणाऱ्या.

शिवाय उताराचं भौतिकशास्त्र. सपाट कडक जमिनीवर तोफगोळा माणसाच्या उंचीच्या आतबाहेर लांबपर्यंत जातो, टप्पे खात जातो आणि वाटेतल्या सगळ्यांना आडवं करतो. उंचावरून खाली मारलात तर तो डोक्यांवरून निघून जातो किंवा जमिनीला तिरका भिडतो, आणि ओल्या मातीत तिथेच रुततो. उलट खालून वर मारणाऱ्याला उतारावरचं सैन्य स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेल्या प्रेक्षकांसारखं दिसतं. मागची रांगसुद्धा पुढच्या रांगेआड लपत नाही. त्यामुळे उंच जागा, जी तलवारीच्या लढाईत वरदान, ती इथे ओझं झाली. उभं राहून मार खायचा, नाहीतर उतरायचं. जेम्स उतरला.

स्कॉटिशांची डावी तुकडी, ह्यूम आणि हंटली यांची, पायथ्याशी पोहोचली तेव्हा तिच्या वाटेत जमीन बरी होती. तिने समोरची इंग्रज तुकडी फोडली. म्हणजे भाला कुचकामी नव्हता. ज्या हत्याराने डावीकडे काम केलं, तेच शेपाचशे मीटरवर मधल्या फळीत फसलं. मधल्या तुकड्यांच्या वाटेत, टेकडीच्या अगदी पायथ्याशी, वरून सहसा न दिसणारा खोलगट पट्टा होता. टेकडीत मुरलेलं पाणी पायथ्याशी झिरपून वर येतं, तशी ती जमीन पाणथळ, आणि आधीच्या दिवसांच्या पावसाने भिजून भसभशीत. पुढची रांग त्यात गुडघ्यापर्यंत गेली. मागच्या रांगा अजून उतारावर, त्यांना थांबता येईना. आणि पट्ट्यापलीकडे इंग्रजांकडे जाणारा छोटा चढ. वेग संपला, रांगा मोडल्या, फटी पडल्या.

इंग्रजांच्या हातात होतं बिल नावाचं हत्यार. आपल्या फांद्या तोडायच्या कोयत्याचा लष्करी भाऊ, साधारण अडीच मीटरच्या दांड्यावर बसवलेला. टोक बाजूला सारा, दांडा छाटा, आत शिरा. स्कॉटिशांनी तुटके भाले टाकून तलवारी काढल्या, तर त्या बिलापेक्षा हातभर, दोन हात आखूड. पुढच्या रांगांत उत्तम चिलखत घातलेले सरदार होते आणि वाराही होता, म्हणून बाण त्यांना फारसे लागले नाहीत. कोयत्यांनी काम केलं. उजवीकडच्या, हलक्या कपड्यांतल्या डोंगरी तुकड्यांवर मात्र स्टॅन्लीचे तिरंदाज अचानक बाजूने आले आणि त्या उधळल्या. जेम्स पहिल्या रांगेत लढत होता. सरेपासून भालाभर अंतरावर तो पडला असं सांगतात. राजाने पहिल्या रांगेत उभं राहणं शौर्याचं, पण मग चिखल पाहून दुसरीकडे वळा, असं सांगायला मागे कोणी उरत नाही.

पिंकीला, १५४७मध्ये, फॉलकर्कच पुन्हा घडलं. एस्क नदीमागची उत्तम जागा सोडून स्कॉटिश बाहेर आले. इंग्रज घोडदळ भाल्यांवर आदळलं, त्याची दैना झाली, पण भालेकरी थांबले. थांबलेल्या गराड्यावर मग जमिनीवरून तोफा, बंदुका आणि बाण. त्याआधी समुद्रातल्या जहाजांवरूनही गोळे आलेच होते. अडीचशे वर्षांत फक्त बाणांच्या जोडीला तोफ आली होती.

डनबारला स्कॉटिश सेनापती डेव्हिड लेस्लीने इंग्रज सेनापती क्रॉमवेलला समुद्राकडे दाबून धरलं होतं, स्वतः डून हिल या टेकडीवर. त्याच्या सैन्यातून चर्चच्या मंडळींनी धर्मात कमी पडतात म्हणून सुमारे ८० अधिकारी आणि तीन हजारांवर माणसं आधीच काढून टाकली होती. २ सप्टेंबरला सैन्य टेकडीवरून उतरलं आणि ओढा व उतार यांच्यामधल्या पट्टीत जाऊन बसलं. रात्री पाऊस. तोड्याच्या बंदुकीला सतत धुमसणारी वात लागते. ती वाचवायची म्हणून बहुतेकांना वाती विझवायला सांगितलं. पहाटे क्रॉमवेल एका टोकावर तुटून पडला, तेव्हा मधल्या आणि डाव्या फळीला वळायला जागा नव्हती आणि बंदुका पेटवायला विस्तव नव्हता.

जाता जाता त्या गोल्फबंदीचं राहिलं. १५०२मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात कायमच्या शांततेचा तह झाला. त्याच वर्षी चौथ्या जेम्सच्या खजिन्याच्या हिशोबात एक खर्च टाकलेला आहे. राजासाठी गोल्फच्या काठ्या, चौदा शिलिंग. विकणारा होता पर्थ गावचा धनुष्य बनवणारा कारागीर.